कापसाच्या हंगामातला रात्रीचा हिशोब अन् टर्मिनलवर सापडलेला घोळ

राळेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हे प्रकरण आहे. २०२४ चा कापूस हंगाम, दिवाळी होऊन गेलेली अन् काट्यावर गाड्यांची लाईन लागलेली. कंपनीचं नाव लिहित नाही, गरज पण नाही. आजूबाजूच्या गावांतले सभासद आपला कापूस कंपनीच्या काट्यावर आणतात, वजन होतं, मशीननं ओलावा बघतात, भाव लागतो, पट्टी फाटते, अन् पैसे दुसऱ्या दिवशी खात्यावर. वर्धा नदी ओलांडली की पलीकडं हिंगणघाटचं मार्केट, शिवाय गावोगाव खेडा खरेदीवाले नगदी पैसे घेऊन फिरतात, मग सभासदानं कंपनीकडं यायचं कशासाठी तर वजन सरळ असते अन् पैसे उद्या नक्की येतात एवढ्यासाठी. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता, म्हणजे १० क्विंटलची गाडी हमीभावानं धरली तरी ७५ हजारांची, अन् तेवढ्यावर बियाणं-खताची उधारी, मजुराची वेचाई असं सगळं अडून असतं. पैसे एक दिवस जरी हुकले तर चहाच्या टपरीवर कंपनीचं नाव निघतं.

सॉफ्टवेअरचा भाग असा. काट्याजवळ टॅब आहे, तिथं ऑपरेटर ताई (बीसीए झालेली, गावातलीच) भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा, भाव टाकते, ते ऑनलाईन डेटाबेसमध्ये जातं. रात्री एक पायथन स्क्रिप्ट त्या दिवसाच्या पट्ट्या गोळा करते, हमाली अन् घेतलेली उचल कापते अन् बँकेत अपलोड करायची शीट बनवून ठेवते. ही स्क्रिप्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. कोड गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाईन जागा) खाजगी रेपोत, म्हणजे बाहेरच्यांना न दिसणाऱ्या फोल्डरात आहे, अन् गिटहब ॲक्शन्सचा (कोड आपोआप चालवायची त्यांची सोय) एक वर्कफ्लो, म्हणजे लिहून ठेवलेलं काम, रोज ठरलेल्या वेळी ती स्क्रिप्ट तिकडच्याच सर्व्हरवर चालवतो. गिटहब ॲक्शन्स २०१९ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांना खुलं झालं, तेव्हापासून असली छोटी ठरलेली कामं लोकं तिथंच टाकतात, कारण खाजगी रेपोला पण फुकट प्लॅनमध्ये महिन्याला २००० मिनिटं मिळतात अन् आपल्या ऑफिसमध्ये रात्रभर मशीन चालू ठेवायचं टेन्शन नाही. हे सगळं एका बाहेरच्या कंत्राटी पोरानं हंगामाआधी करून दिलं होतं, अन् चांगलं करून दिलं होतं, हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढं वाचताना त्याच्यावर राग येईल.

माझा संबंध एवढाच की मी गावात बसून बाहेरच्या एका टीमचं काम करतो, आमचे वडील सभासद आहेत, त्यामुळं कॉम्प्युटरचं काही अडलं की सचिवभाऊ मला फोन लावतात.

फोनवर सचिवभाऊ जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो, कारण पूर्ण बग त्यात होता, फक्त कळत नव्हता. "काल ज्याईनं कापूस आणला त्याईले एक रुपया नाई, अन् आज सकाळी ज्याईनं आणला त्याईच्या नावावर दोनदा. असं कसं व्हते भाऊ?" पैसे दोनदा गेले नव्हते, शीटवर नाव दोनदा आलं होतं. भाऊंची जुनी सवय, रोजची बेरीज लाल चोपडीत हातानं मांडतात अन् बँकेत शीट मंजूर करायच्या आधी चोपडीशी जुळवतात, त्यामुळं अडलं. ती चोपडी नसती तर हे प्रकरण बरंच महाग पडलं असतं.

ऑफिसमध्ये तोवर तीन थिअऱ्या तयार झालेल्या. एक, रेंज. टिनाचं छत, आत नेट मरतं, म्हणून रात्री शीट बनत नाही. दोन, फुकटची मिनिटं संपली. तीन, त्या पोरानं पैसे पुरे मिळाले नाहीत म्हणून मुद्दाम काही करून ठेवलं (गावात तिसरी थिअरी नेहमी हीच असते). रेंजवाली लगेच बाद केली, स्क्रिप्ट कुठल्या तरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये चालते, तिला आपल्या टिनाशी काय घेणंदेणं, नोंदी तर दिवसाच वर गेलेल्या असतात. बाकी दोन बघायला आतलं रेकॉर्ड बघणं भाग होतं.

आता रेकॉर्ड म्हणजे गिटहबचं ॲक्शन्सचं पान. ऑफिसमध्ये ते उघडायचं म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट खिडकीत ठेवून वाट बघायची. पान अर्धं येतं, लॉगवर क्लिक केलं की गोल गोल फिरत राहतं, खाली सरकवलं की परत लोड. पण खरं सांगू का, नेट फास्ट असतं तरी त्या पानावर हा घोळ लवकर दिसला नसता. का ते पुढं येतंच.

म्हणून टर्मिनल, म्हणजे कमांडा टाईप करायची काळी स्क्रीन. गिटहबचं स्वतःचं कमांड लाईन टूल आहे, नाव जीएच. गिट वेगळं अन् जीएच वेगळं हे ताईला आधी सांगावं लागलं, गिट कोडचा इतिहास सांभाळतं, जीएच थेट गिटहबला जाऊन विचारतं की बाबा तुझ्याकडं काय चाललंय. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याची १.० आवृत्ती आली, अन् वर्कफ्लो बघण्या-चालवण्याच्या कमांडा २०२१ च्या एप्रिलमध्ये १.९ सोबत आल्या. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा, विंगेटनं (विंडोजचं प्रोग्राम बसवायचं टूल) बसलं. लॉगिन करायला ब्राउझर त्याच लॅपटॉपवर पाहिजे असं पण नाही, "जीएच ऑथ लॉगिन" म्हटलं की आठ अक्षरांचा एक कोड देतं, तो बाहेर रोडवर जाऊन मोबाईलवर टाकला तरी लॅपटॉप लॉगिन होतो. ताईच्या स्वतःच्या अकाउंटनं केलं. तोवर सगळे सचिवभाऊंच्याच अकाउंटनं घुसत होते अन् पासवर्ड कॅलेंडरच्या मागं पेनानं लिहिलेला. ते कॅलेंडर अजून भिंतीवर आहे, पासवर्ड तेवढा बदलला.

(कमांडा मी इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजी अक्षरातच टाईप करायच्या.)

पहिली कमांड साधी:

जीएच रन लिस्ट --वर्कफ्लो हिशोब --लिमिट ४०

चाळीस ओळी आल्या. एका ओळीत एक रन (वर्कफ्लो एकदा चालला की एक रन), नाव, ब्रँच (कोडची वेगळी शाखा), कशामुळं चालली, आयडी, किती वेळ लागला, किती जुनी. वेळेचा रकाना बघितल्याबरोबर मिनिटांची थिअरी गेली, एक रन चाळीस-पंचेचाळीस सेकंदात संपत होती. प्रत्येक जॉबचं बिल पूर्ण मिनिटाला वर ओढून धरतात, तरी रोजचं एक मिनिट, महिन्याचं तीस-पस्तीस, २००० च्या जवळपास पण नाही. पण दुसरी गोष्ट विचित्र होती. जवळजवळ सगळ्या ओळींसमोर हिरवी खूण. फेल झालेली रन एक, तीही आदल्या रात्रीची. सचिवभाऊ म्हणतात आठवड्यात तीनदा शीट आली नाही, अन् गिटहब म्हणतं सगळं व्यवस्थित आहे.

ताई मागं उभी होती. मी विचारलं, जेव्हा शीट येत नाही तेव्हा तू काय करते? "काई नाई भाऊ, सकाळी येऊन थ्या लाल फुलीवर जातो, परत चालवाचं बटन दाबतो, हिरवं होते. मंग शीट येते." घोळाचा अर्धा भाग इथंच उघडा पडला. रीरन केलेली रन नवीन ओळ म्हणून येत नाही, त्याच जुन्या ओळीचा दुसरा अटेम्प्ट होतो, अन् लिस्टमध्ये शेवटच्या अटेम्प्टचा निकाल दिसतो. म्हणजे रात्री फेल झालेली रन सकाळी पास झाली की लिस्टमध्ये ती पासच. लाल रंग पुसला गेला. पानावर कितीही वेळा खालीवर करा, हिरवंच दिसणार.

जीएचमध्ये याचा तोडगा असा की तुम्ही लिस्टला सांगू शकता की मला जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल अशा मांडणीत) अमुक अमुक रकाने दे. मी चार मागितले: रन जन्माला आली ती वेळ, शेवटचा अटेम्प्ट सुरू झाला ती वेळ, अटेम्प्ट कितवा, अन् निकाल. जेक्यू (जेसनमधून पाहिजे ते काढणारं टूल) त्यात आतच बसवलेलं आहे, वेगळं टाकावं लागत नाही, त्यानं चारही रकाने टॅबनं वेगळे करून सरळ टेबल काढलं, ते फाईलीत टाकलं अन् ताईनं एक्सेलमध्ये उघडलं. नेट इथं एकदाच लागलं, दोन-चार सेकंद. पुढचं सगळं ऑफलाईन, चहा पीत.

ज्या ओळींत अटेम्प्ट २ होता त्या, अन् आदल्या रात्रीची फेल ओळ, पिवळ्या केल्या. मग जन्मवेळेनं लावलं. वेळ यूटीसीत (जगाच्या प्रमाणवेळेत) येते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. पास झालेल्या रना १८:२१, १८:२४, १८:२७ अशा. पिवळ्या रना १८:३३, १८:४१, एक तर १८:५२. सगळ्या पिवळ्या साडेअठराच्या पुढं अन् सगळ्या पांढऱ्या साडेअठराच्या आत. एक पण अपवाद नाही.

साडेअठरा यूटीसी म्हणजे आपल्याकडं रात्रीचे बारा.

कारण काय होतं

वर्कफ्लोच्या फाईलीत क्रॉनची, म्हणजे आपोआप सुरू व्हायची, वेळ होती १८:२० यूटीसी, म्हणजे आपले ११:५०. त्या पोराचा विचार बरोबर होता, हंगामात काटा रात्री नऊ-दहापर्यंत चालतो, मग दिवस संपता संपता हिशोब करावा. स्क्रिप्ट "आजची" तारीख काढायची अन् त्या तारखेच्या पट्ट्या उचलायची. पण गिटहबचं शेड्यूल घड्याळाच्या काट्यावर चालेलच असं नाही, त्यांच्या डॉक्युमेंटमध्येच लिहिलंय की लोड जास्त असला की ठरलेली रन उशिरा सुरू होऊ शकते, प्रत्येक तासाच्या सुरुवातीला तर जास्तच गर्दी, अन् फारच लोड असला तर एखादी रन गळून पण जाऊ शकते. तर ज्या रात्री उशीर दहा मिनिटांच्या आत राहिला त्या रात्री सगळं मस्त. ज्या रात्री अकरा मिनिटं उशीर झाला त्या रात्री तारीख पलटलेली, "आज" म्हणजे नवीन दिवस, अन् नवीन दिवसाच्या पट्ट्या शून्य. रात्री बाराला कोण कापूस मोजते.

शून्य पट्ट्या आल्या की रिकामी शीट बँकेत जाऊ नये म्हणून स्क्रिप्ट एरर देऊन थांबायची. हे पण त्या पोरानं विचार करूनच टाकलेलं. खात्री करायला जुना अटेम्प्ट उघडून बघितला, त्यासाठी पानावर शोधाशोध करायला लागत नाही:

जीएच रन व्ह्यू (रनचा आयडी) --अटेम्प्ट १ --लॉग-फेल्ड

शेवटचा पर्याय फक्त फेल झालेल्या स्टेपचा लॉग दाखवतो, बाकी शंभर ओळींचं इन्स्टॉल-फिन्स्टॉल येत नाही. तिथं एकच ओळ कामाची होती, तारीख अन् "पट्ट्या सापडल्या नाहीत". तारीख दुसऱ्या दिवसाची. संपला विषय.

यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट मला ही वाटते की त्या पोरानं टाईमझोन सेट केला नसता तर हा बग आलाच नसता. गिटहबचा सर्व्हर मुळात यूटीसीवर चालतो. स्क्रिप्टमध्ये तारीख तशीच घेतली असती तर १८:२० पासून पुढं यूटीसीचे बारा वाजेपर्यंत, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत, तारीख तीच राहिली असती अन् रन तासभर लेट झाली तरी काही बिघडलं नसतं. पण त्यानं काळजीपूर्वक एशिया/कोलकाता टाकलं, जसं कुठल्याही चांगल्या प्रोग्रामरनं टाकायला पाहिजे, अन् काठावरची दहा मिनिटं त्याच्या नशिबी आली. म्हणून म्हटलं राग नका धरू.

आता सकाळच्या बटनाचं काय. ताई साडेदहा-अकराला रीरन करायची. स्क्रिप्ट परत "आज" विचारायची, आज म्हणजे चालू दिवस, सकाळपासून अकरापर्यंत आलेल्या गाड्यांच्या पट्ट्या सापडायच्या, शून्य नाहीत म्हणून एरर नाही, शीट तयार, हिरवी खूण. सचिवभाऊ शीट बँकेत टाकायचे. ज्यांनी सकाळी कापूस आणला त्यांना त्याच दिवशी दुपारी पैसे, ते खूश, कंपनी लय फास्ट झाली म्हणत गावभर सांगत. काल ज्यांनी आणला ते कुठंच नाहीत. अन् रात्री परत रन चालली की पूर्ण दिवसाच्या पट्ट्या, त्यात सकाळच्या त्याच पट्ट्या परत. फोनवर भाऊ जे बोलले ते हेच.

चोपडीशी बेरीज जुळत नव्हती ती दोन्ही बाजूंनी जुळत नव्हती, त्यामुळं आठवड्याच्या बेरजेत फरक कमी दिसायचा अन् भाऊंना आधी वाटलं आपलीच बेरीज चुकली. वय झालं म्हणाले. नव्हती चुकली.

दुरुस्ती, अन् जुनी रन परत चालवली की काय होतं

त्या पोराला फोन लावला, तो पुण्यात दुसऱ्या कामावर, पण ऐकून घेतलं अन् संध्याकाळी एक छोटी दुरुस्ती ढकलली, रात्री बारा ते सहाच्या मधात स्क्रिप्ट चालली तर कालची तारीख धरायची. तात्पुरतं म्हणून ठीक. ताईनं दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, सहाच्या आत, मोठ्या आशेनं दुरुस्तीच्या आधीच्या रात्रीची फेल रन घरूनच परत चालवली. परत फेल, तीच ओळ. तिला वाटलं दुरुस्ती गेलीच नाही. दुरुस्ती गेली होती, पण रीरन ही त्या रनच्या मूळ कमिटवरच (कोडची तेव्हाची नोंदलेली प्रत) चालते, नवीन कोड उचलत नाही. मूळ कागद दुरुस्त केला अन् तुम्ही जुन्या झेरॉक्सचीच झेरॉक्स काढताय, तसं. जेसनमध्ये कमिटचा हॅश (ओळख नंबर) पण मागता येतो, तो दोन्ही अटेम्प्टला एकच असतो, ते तिला दाखवलं तेव्हा पटलं. (रीरन करायला पण मुदत आहे, मूळ रनपासून ३० दिवस.)

म्हणजे या कामासाठी रीरन हे हत्यारच चुकीचं. ज्या कामाचा निकाल घड्याळावर अवलंबून आहे ते परत चालवलं की वेगळंच काम होतं, अन् हिरवी खूण तर ते वेगळं काम नीट झालं म्हणून पण येते. आपल्याला पाहिजे होतं की वर्कफ्लोला बाहेरून तारीख सांगता यावी. त्यासाठी वर्कफ्लोच्या फाईलीत वर्कफ्लो डिस्पॅच नावाचा ट्रिगर, म्हणजे काम हातानं सुरू करायची सोय, टाकतात अन् त्यात इनपुट लिहितात, आम्ही "तारीख" नावाचं एक इनपुट टाकलं. मग टर्मिनलवरून:

जीएच वर्कफ्लो रन हिशोब --रॉ-फील्ड तारीख=२०२४-११-१९

एवढं मारलं की १९ तारखेचाच हिशोब, मग तुम्ही सकाळी मारा, रात्री मारा, आठ दिवसांनी मारा. पहिल्यांदा नाही चाललं, ट्रिगर नाही असा एरर आला, कारण दुरुस्ती वेगळ्या ब्रँचवर होती अन् हा ट्रिगर फाईल मुख्य ब्रँचवर आल्याशिवाय ओळखला जात नाही. हे लक्षात ठेवा, टेस्ट करायच्या नादात यात माणसं दिवस घालवतात.

शेड्यूलची वेळ पण बदलली, २०:४७ यूटीसी, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे २:१७, अन् स्क्रिप्ट आता नेहमी "कालची" तारीख धरते. उशीर दहा मिनिटं होवो का चार तास, काल तो कालच. ४७ हा आकडा उगाच वाकडा घेतला, तासाच्या ठोक्यावरची गर्दी टाळायला.

पण माझ्या मते खरी दुरुस्ती ही पण नव्हती. खरी दुरुस्ती डेटाबेसमध्ये झाली, प्रत्येक पट्टीवर एक नवीन रकाना, शीट नंबर. पट्टी एकदा शीटमध्ये गेली की तिच्यावर नंबर बसतो अन् पुढची कुठलीही रन तिला हात लावत नाही. याच्यानंतर कोणी एकाच तारखेचा हिशोब चुकून दोनदा चालवला तरी दुसरी रन "नवीन पट्ट्या नाहीत" म्हणून थांबते. सोबत कन्करन्सी ग्रुप टाकला, म्हणजे ताई इकडून अन् सचिवभाऊ घरून, दोघांनी एकाच वेळी चालवलं तर दुसरी रन पहिली संपेपर्यंत थांबते. पैशाच्या कामात हे दोन्ही पहिल्या दिवसापासून पाहिजेत असं माझं मत आहे, अन् शेड्यूल-फिड्यूल नंतर.

मग मागचा बॅकलॉग. कुठल्या तारखा सुटल्या ते सचिवभाऊंच्या चोपडीतून काढलं, चोपडी अन् आमचं पिवळ्या ओळींचं टेबल शेजारी शेजारी ठेवलं तर तारखा तंतोतंत जुळल्या. आधीच गेलेल्या शीटमधल्या पट्ट्यांवर हातानं नंबर बसवले, हे काम कंटाळवाणं, ताई अन् भाऊंनी मिळून केलं, एक जण वाचणार एक जण टाकणार. मग एकेका तारखेला डिस्पॅच. एकदम लूप लावून सगळ्या चालवता आल्या असत्या पण कन्करन्सी ग्रुपमध्ये रांगेत थांबणारी रन एकच राहते, नवीन आली की आधीची थांबलेली रद्द होते, त्यामुळं एक संपली की मगच दुसरी. त्यासाठी:

जीएच रन वॉच (आयडी) --इंटरव्हल ३० --एक्झिट-स्टेटस

वॉच रन संपेपर्यंत बसून राहतं. मुळात दर ३ सेकंदाला गिटहबला विचारतं, आमच्या हॉटस्पॉटवर ते जास्तच होत होतं, म्हणून ३०. अन् एक्झिट स्टेटस टाकलं की रन फेल झाली तर कमांड पण फेल होऊन परत येते, त्यामुळं तिच्यापुढं दोन ॲम्परसँड टाकून "जीएच रन डाउनलोड" जोडलं, म्हणजे पास झाली तरच शीट लॅपटॉपवर उतरते, नाहीतर नाही. आधी शीट उतरवायला पान उघडा, खाली जा, आर्टिफॅक्टवर (रननं बनवून ठेवलेली फाईल) क्लिक करा, झिप उघडा. आता ती झिप पण स्वतःच उघडून फोल्डरमध्ये ठेवते.

प्रत्येक शीट उतरली की भाऊ बेरीज चोपडीशी जुळवून बघत. हा भाग कंपनीनं ऑटोमॅटिक करायचा नाही असं ठरवलंय अन् मला ते पटलं.

आता कसं चाललंय

ताई रोज सकाळी ऑफिसला आल्यावर आधी लिस्ट मारते, चार रकान्यांवाली. ती लांबलचक कमांड तिनं जीएचच्या अलियासमध्ये टाकून ठेवली, "जीएच सकाळ" म्हटलं की टेबल येतं. नाव तिनंच ठेवलं. अटेम्प्ट १ पेक्षा जास्त दिसला की तिला लगेच कळतं की कोणीतरी जुन्या पानावर जाऊन बटन दाबलं. कोणी दाबलं ते पण निघतं काही प्रमाणात, लिस्टला --यूजर देऊन एकेका माणसानं सुरू केलेल्या रना बघता येतात, पण सध्या माणसंच तीन असल्यामुळं नुसतं तोंडाकडं बघून कळतं.

एकदा शेड्यूलची रन खरंच आली नाही. फेल नाही, आलीच नाही, लिस्टमध्ये ओळच नव्हती. आधीच्या पद्धतीत हे कोणाच्या लक्षात आलं नसतं, कारण लाल फुली पण नाही अन् हिरवी खूण पण नाही, दाबायला बटनच नाही. तिनं आदल्या दिवशीची तारीख देऊन डिस्पॅच मारला, सव्वा मिनिटात शीट हातात, मग मला व्हॉट्सॲपवर कळवलं. झाल्यावर कळवलं, हे मला आवडलं.

तक्रारी पण आहेत. आमच्याकडच्या आवृत्तीत डिस्पॅच मारल्यावर नवीन रनचा आयडी सरळ हातात येत नाही, परत लिस्ट मारून वरची ओळ बघावी लागते, अन् रन लिस्टमध्ये उगवायला दोन-चार सेकंद लागतात, घाई केली तर जुन्याच रनला वॉच लावून बसतो माणूस. ताईनं मधात पाच सेकंदाचा स्लीप टाकलाय. विंडोजच्या टर्मिनलवर मराठी लॉग कधीकधी चौकोन चौकोन दिसतो, त्याचा फॉन्ट बदलून बघितला, अर्धंच जमलं. अन् सचिवभाऊ काळ्या स्क्रीनला अजून हात लावत नाहीत, "ते तुमी पाहा बाप्पा, मले फक्त बेरीज सांगा."

कापसाचा हंगाम मार्चनंतर ओसरला तेव्हा "जीएच वर्कफ्लो डिसेबल हिशोब" करून ठेवलं, उन्हाळाभर रोज रात्री "पट्ट्या सापडल्या नाहीत"चे मेल कशाला घ्यायचे. दसऱ्याच्या आसपास एनेबल करायचं. पण मधात तुरीची खरेदी सुरू झाली अन् कंपनीला तोच हिशोब तुरीसाठी पाहिजे, तिथं ओलाव्याची कपात वेगळी, बारदान्याचे पैसे वेगळे. तारखेसोबत "पीक" नावाचं दुसरं इनपुट लागणार. फाईलीतला तो बदल ताईनं स्वतः लिहिलाय, पुल रिक्वेस्ट (बदल तपासून आत घ्या अशी विनंती) टाकलीय, त्या पुण्याच्या पोरानं त्यावर दोन कॉमेंट टाकल्यात, एक बरोबर आहे अन् एकीवर दोघांचं अजून जमत नाही की तुरीची शीट वेगळ्या कन्करन्सी ग्रुपमध्ये पाहिजे की कापसाच्याच. मी ताईच्या बाजूनं आहे, वेगळा पाहिजे.